ट्रॉफी मिळाली, पण गुण कुठे आहेत?

लोकलमध्ये ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा, नाहीतर स्टेशन निघून जाईल आणि शिव्या मला पडतील.

आजचा विषय आहे स्पर्धा. म्हणजे बॉलरूम डान्सची हौशी स्पर्धा, तिची बक्षिसं आणि ती भरवणारी माणसं. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. तुम्ही आयुष्यात कधी नाचला नसाल तरी चालेल. सोसायटीच्या गणपतीत, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये किंवा नवरात्रीच्या गरब्यात 'निकाल फिक्स होता यार' असं कधी म्हणालायत ना? मग हा भाग तुमच्यासाठीच आहे. कारण ते वाक्य मीही म्हणालो होतो. नुसता म्हणालो नव्हतो, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं.

आधी थोडी ओळख. मी मुलुंडचा. माझी डान्स पार्टनर म्हणजे माझी मामेबहीण, मी तिला ताई म्हणतो. ती घाटकोपरला राहते आणि आमचा क्लास अंधेरीला. संध्याकाळी ऑफिस सुटलं की घाटकोपरला भेटायचं, मेट्रो पकडायची आणि अंधेरीला उतरायचं. बूट पिशवीत. या नाचाच्या बुटांचे तळवे मऊ चामड्याचे असतात, ते घालून रस्त्यावर चाललात की संपले.

घरी आईचं म्हणणं, "लग्नाच्या संगीतात नाचा की! स्पर्धा कसली करताय? हे आपलं नाही." आजी मात्र आमच्या बाजूची. ती म्हणाली, "भगवानदादा काय परदेशातून आले होते?" आणि खरंच आहे की. भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ साली त्यांचा 'अलबेला' आला, संगीत सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्यासोबत होता चिक चॉकलेट, गोव्याचा ट्रम्पेटवाला. त्याच्याही आधी, १९३५ साली, लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन कलाकार आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आला होता. ताजच्या फ्लोअरवरचा ताल गोव्याच्या वादकांच्या हातून सिनेमात आला आणि सिनेमातून आपल्या वरातीत. तेव्हा 'आपलं नाही' हा मुद्दा आजीनं निकाली काढला.

आता स्पर्धेचं गणित. बॉलरूममध्ये दोन गट असतात आणि प्रत्येकात पाच नाच. एका गटात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. दुसरा लॅटिन, त्यात सांबा, चा-चा-चा, रंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. आम्ही उतरलो होतो फक्त चा-चा-चामध्ये. पाठीवर नंबर १४.

इथे एक गोष्ट वेगळी असते. टीव्हीवरच्या शोसारखं एकेक जोडी येऊन नाचत नाही. अंतिम फेरीत सहाच्या सहा जोड्या एकदम फ्लोअरवर असतात आणि परीक्षक कडेला उभे राहून बघतात. संगीत साधारण दीड मिनिट. म्हणजे ९० सेकंद भागिले सहा. एका परीक्षकाला तुमच्या जोडीकडे बघायला सरासरी १५ सेकंद मिळतात, बास. हे १५ सेकंद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

सात परीक्षक होते. आम्ही आलो चौथे. ठीक आहे, वाईट वाटलं, चालतं. पण चहाच्या टेबलाजवळ एका परीक्षकांनी सांगितलं, "माझ्याकडे तुम्ही पहिले होतात." थोड्या वेळानं दुसऱ्यांनी तेच सांगितलं. मग तिसऱ्यांनीही! डोकंच फिरलं. सातांपैकी तिघांकडे पहिले आणि नंबर चौथा? मेट्रोत बसल्या बसल्या मी स्पर्धेच्या ग्रुपवर लिहिलं, "सेटिंग आहे. बक्षिसं आधीच वाटून झाली होती."

ताईनं ते वाचलं. घाटकोपर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरताना म्हणाली, "तू हे सिद्ध कर, नाहीतर माफी माग. तोपर्यंत मी तुझ्याबरोबर फ्लोअरवर पाय ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. तुम्हाला वाटेल आयोजकांनी झापलं असेल. नाही. गुणांची जुळणी करणारे एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. या कामाला स्क्रुटिनियर म्हणतात. ते एवढंच म्हणाले, "निकालाचा तक्ता कालच हॉलच्या भिंतीवर लावला होता. तू बघितला नाहीस. ये, दाखवतो."

गेलो. तुम्हीही माझ्याबरोबर बघा, फार अवघड नाही.

या पद्धतीला स्केटिंग सिस्टीम म्हणतात. नाव स्केटिंगचं, पण वापर बॉलरूममध्ये. अंतिम फेरीत परीक्षक दहापैकी साडेआठ वगैरे गुण देतच नाहीत. ते फक्त क्रम लावतात, १ ते ६. दोन जोड्यांना एकच क्रमांक द्यायची सोय नाही. परीक्षक नेहमी विषम संख्येत, म्हणजे बहुमत कुठेतरी लागतंच. सात परीक्षक असतील तर बहुमत चारचं.

आमचे क्रमांक होते १, १, १, ४, ४, ५, ६. जिंकलेल्या ९ नंबरच्या जोडीचे १, २, २, २, २, ३, ३. आता काकांनी विचारलं, "पहिला क्रमांक चार जणांनी कुणाला दिलाय?" कुणालाच नाही. आम्हाला तिघांनीच दिला होता. मग पुढची पायरी, 'पहिला किंवा दुसरा' क्रमांक किती जणांनी दिला? ९ नंबरला पाच जणांनी. बहुमत झालं, ते पहिले. आम्हाला अजूनही तिघंच. मग 'तिसरा किंवा वरचा' मोजा. एका जोडीला सहा जणांकडून, एका जोडीला पाच जणांकडून. जास्त बहुमत ज्यांचं ते दुसरे, त्यांच्या मागचे तिसरे. आम्हाला? तिघंच! 'चौथा किंवा वरचा' मोजल्यावर आमचे पाच झाले. म्हणून चौथे.

मी विचारलं, "मग सरळ बेरीज का नाही करत?" काकांनी पेन घेतलं आणि कागदावर दुसरं उदाहरण लिहिलं. १, १, १, १, ६, ६, ६. म्हणाले, "बेरीज केली तर ही जोडी २२ वर जाते, खाली फेकली जाते. पण चार जणांनी, म्हणजे अर्ध्याहून जास्त परीक्षकांनी, तिला पहिलं ठरवलंय. एखाद्या परीक्षकाचं भांडण असेल आणि त्यानं मुद्दाम शेवटचा नंबर दिला, तर बेरजेत त्याचा राग सगळ्यांवर भारी पडतो. इथे बहुमतापुढे त्याचं चालत नाही." म्हणजे मी ज्या सेटिंगचा आरोप करत होतो, ते अवघड व्हावं म्हणूनच ही पद्धत.

पण माझा एक प्रश्न उरलाच होता. तिघांना आम्ही सर्वात चांगले आणि एकाला शेवटचे वाटलो, असं कसं? काकांनी मला सहावा क्रमांक देणाऱ्या मॅडमना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, "तुमची सुरुवात छान असणार. मी तुमच्याकडे शेवटी बघितलं. तेव्हा तू तालाच्या पुढे पळत होतास आणि तुझी पार्टनर तुझ्यामागे ओढली जात होती."

ते १५ सेकंद आठवतायत? काहींनी आमचे चांगले १५ बघितले, त्यांनी वाईट १५. दोन्ही खरे. आणि मला आतून माहीत होतं की शेवटी मी घाबरून पळत होतो. ताईच्या मनगटाला माहीत होतं.

माफी मागितली. ज्या ग्रुपवर आरोप लिहिला त्याच ग्रुपवर, तक्त्याचा फोटो टाकून. ताईनं अंगठा पाठवला. शुक्रवारी ती मेट्रोच्या जिन्यापाशी उभी होती, बुटांची पिशवी घेऊन.

आता गोष्टीचा दुसरा भाग. काही महिन्यांनी आम्ही दुसऱ्याच एका स्पर्धेत गेलो. मोठं स्टेज, मोठे दिवे, पाहुण्यांची रांग. शाल-श्रीफळ आणि सत्कार यात चाळीस मिनिटं गेली. मग कुणाला तरी आठवलं की रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही, आणि अंतिम फेऱ्या धडाधड उरकल्या. आम्ही पहिले आलो! ही एवढी मोठी ट्रॉफी. घरी आणली, आईनं फ्रीजवर ठेवली, फोटो काढला.

नंतर कळलं की आमच्या गटात दोनच जोड्या होत्या. दुसरी जोडीसुद्धा 'विजेती' होती, वेगळ्या नावाच्या बक्षिसाची. उत्कृष्ट पोशाख, उत्कृष्ट हास्य, उत्कृष्ट केमिस्ट्री… नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं होतं. मी गुणांचा तक्ता मागितला. उत्तर आलं, "जिंकलात ना? मग कशाला हवाय?"

खरं सांगू? ती ट्रॉफी अजून फ्रीजवर आहे, आणि तिच्याकडे बघून मला काहीच कळत नाही. मी ताल धरला होता की पळत होतो? त्या चौथ्या नंबरनं मला एक गोष्ट शिकवली. या पहिल्यानं काय शिकवलं, सांगता येत नाही.

नाटकवाल्यांना हे आपल्याआधी कळलंय. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, कॉलेजच्या मुलांची एकांकिका स्पर्धा. २०२२ साली परीक्षकांनी ठरवलं की करंडक द्यावा असा दर्जा यंदा कुणाचाच नाही, आणि तो दिला नाही. खूप वाद झाला. मुलांवर अन्याय झाला असं म्हणणारेही होते आणि त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण एक बघा. करंडक मिळाला नाही याची एवढी चर्चा होते, कारण तो मिळण्याला अर्थ आहे.

तर आता मी काय करतो? वर्षातून एकदा, त्या पहिल्या स्पर्धेच्या दिवशी, मी काकांच्या शेजारी टेबलावर बसतो. परीक्षकांच्या चिठ्ठ्या गोळा करतो, आकडे वाचून दाखवतो, ते लिहितात. मग अदलाबदल करून पुन्हा तपासतो. त्या टेबलावरून आयोजक काय असतात ते दिसतं. सकाळी फरशी घसरते म्हणून ती पुसत बसलेली माणसं. हॉलचं भाडं, परीक्षकांचं मानधन, गाण्यांचं लायसन्स, सगळं प्रवेश फीमधून भागवायचं आणि कमी पडलं की खिशातून घालायचं. त्यांच्या गळ्यात हार नसतो. पाहुण्यांच्या गळ्यात असतो.

म्हणून, तुम्ही कुठल्याही स्पर्धेचा फॉर्म भराल ना, नाच असो, गाणं असो, वक्तृत्व असो, पैसे भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा. परीक्षक कोण आहेत आणि स्पर्धकांपैकी कुणी त्यांचा विद्यार्थी आहे का? निकाल कोणत्या पद्धतीनं काढणार? आणि गुणांचा तक्ता सगळ्यांना बघायला मिळणार का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त जा, शेवटचे आलात तरी काहीतरी घेऊन याल. टाळाटाळ झाली तर त्या पैशांत मित्रांबरोबर मिसळ खा.

आणि तक्ता भिंतीवर लावलेला असेल, तर कृपा करून तो वाचा. ग्रुपवर लिहायच्या आधी. हे मी स्वतःलाच सांगतोय.

पुढच्या महिन्यात आम्ही परत उतरतोय, चा-चा-चामध्येच. ताईची एकच अट आहे, शेवटची तीस सेकंद पळायचं नाही. जमलं की नाही ते तुम्हाला सांगेन. तक्त्यासकट.

तोवर ऐकत राहा. भेटू पुढच्या भागात!