जादा दिलेला पैसा कशाचा होता?
(कळंब, ता. कर्जत, जि. रायगड येथील बैठकीतील भाषण)



आम्ही भाताच्या मुलखातले, तुम्ही कापूस-ज्वारीच्या. पाऊस वेगळा, पीक वेगळं. पण माल विकायला निघालो की दोघांचीही गाठ बाजाराशीच पडते. म्हणून 2020 सालचा हिशेब आम्ही तुमच्यापुढे मांडतो आहोत.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. कर्जतची लोकल बंद झाली. टोपली घेऊन कल्याण-डोंबिवली गाठणाऱ्या आमच्या बाया घरी बसल्या. करोनाची लागण वाढली म्हणून मे महिन्यात वाशीचा बाजारही काही दिवस बंद ठेवावा लागला. इकडे शेतात भाजी सडत होती, तिकडे शहरात गिऱ्हाईक भाजीसाठी ताटकळत होतं.

तेव्हा राज्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांचे गट टेम्पो भरून थेट सोसायट्यांच्या दारात गेले. फळं-भाजीपाला 2016 सालीच बाजार समितीच्या नियमनातून सुटला होता, त्यामुळे वाट मोकळी होती. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारं गिऱ्हाईक बांधलेल्या पिशवीला दोन पैसे जादा द्यायला तयार झालं.

का हो? भाजी अधिक गोड झाली होती? नाही. गर्दीत जावं लागत नव्हतं, माल दहा हातांतून फिरत नव्हता, त्याचे ते पैसे होते. गिऱ्हाइकानं निर्धास्तपणा विकत घेतला.

आता खर्च धरा. समजा, पिशवीमागे 20 रुपये जादा मिळाले. निवडणं, तोलणं, बांधणं, टेम्पोचं भाडं आणि उरलेला माल यांत 15 गेले, तर पदरात 5 राहिले. हे काम दुसऱ्यानं केलं, तर तेही त्याचेच. शिवाय बाजार उघडला, भीती ओसरली, की जादा पैसाही आटतो.

कापूस सोसायटीच्या दारात विकता येत नाही. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 5550 रुपये होता. पण टाळेबंदीत खरेदी थांबली आणि कापूस घरातच पडून राहिला. ज्वारीचं तसं नाही. ती साफ करून पाच-दहा किलोच्या पिशवीत घरोघर देता येते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच : आधी दहा घरं जोडा. वजन चोख, माल स्वच्छ, वार ठरलेला. खर्च वहीत लिहा. भीतीपोटी आलेलं गिऱ्हाईक भीतीबरोबर जातं. भरवशावर आलेलं पुढच्या सुगीलाही निरोप धाडतं.