पेन्सिलीचे शिसे आणि आपली काळी जमीन
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मागच्या मेळाव्यात एका शेतकरी बंधूंनी विचारले, "साहेब, ग्राफिन म्हणून काही निघाले आहे म्हणे. ते जमिनीला चालते का?" तेव्हा वेळ कमी होता, म्हणून आज सांगतो.

पेन्सिलीतले शिसे हे शिसे नसून ग्राफाइट असते, म्हणजे कार्बनाचे एकावर एक रचलेले पापुद्रे. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख पापुद्रे बसतात. सन २००४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत एकच पापुद्रा वेगळा केला. तेच ग्राफिन. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ऑस्ट्रेलियातील अॅडलेड विद्यापीठात ग्राफिन ऑक्साइडवर जस्त व तांबे बसवून सावकाश सुटणारे खत करून पाहिले गेले.

पण बंधूंनो, अन्नद्रव्य धरून ठेवणारे पातळ थर आपल्या भारी काळ्या जमिनीत फुकट पडले आहेत! या जमिनीतील चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या एका थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी. एक ग्रॅम खनिजातील सगळे थर उलगडून पसरले तर सात-आठ गुंठे जागा व्यापतील, म्हणजे पाच-सहा ग्रॅममध्ये एकर झाला. या थरांवर ऋणभार असतो, त्यामुळे कॅल्शियम, पालाश, अमोनियम त्यांना चिकटून राहतात. थरांमध्ये पाणी शिरले की जमीन फुगते आणि उन्हाळ्यात ते गेले की हातभर भेगा पडतात.

खरे दुखणे पुढे आहे. कॅल्शियम या थरांना एकत्र धरून ठेवतो, तर सोडियम वाढला की ओल्या जमिनीत ते सुटे होतात, जणू चिकटपट्टी न लावताच सोलले जातात. सुटे थर मातीची छिद्रे बुजवतात. पाणी वर साचते, मुळांना हवा मिळत नाही, वापसा येत नाही. हीच आपली चोपण जमीन. उसाला पाटाचे पाणी भरमसाट देऊन आपण ती आपल्या हातानेच केली, हे मला कालव्याखालच्या गावांत स्पष्ट बोलावे लागते.

उपाय जिप्समचा. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. निचरा नसेल तर तो तिथेच राहतो आणि जिप्समचा पैसा वाया जातो. म्हणून आधी चर काढा. माती तपासून घ्या. सामू ८.५ च्या वर व विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तरच जिप्सम टाका. मात्रा तपासणी अहवालाप्रमाणे ठेवा, शेजाऱ्याने किती टाकले ते पाहू नका. जिप्सम वरच्या वीतभर थरात मिसळा आणि मग चांगले पाणी देऊन निचरा होऊ द्या.

ग्राफिनची बाटली कोणी दाखवली, तर त्याला आधी तुमचा माती तपासणी अहवाल दाखवा आणि यातल्या कोणत्या आकड्यावर हे औषध आहे, ते विचारा.