काठमांडू की कोलंबो?

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला हिशोब वाचायचा, जेवणावळ उठवायची आणि घरी जायचे, अशी आपली रीत. पण यंदा एक प्रश्न सगळ्या वस्तीला पडला आहे, म्हणून आम्ही त्याच्यावरच बोलणार आहोत. महिला मंडळाने महिन्याला थोडे थोडे करून यात्रेसाठी पैसे जमवले. बोधगया, सारनाथ, दीक्षाभूमी अनेकांची झाली. आता म्हणतात, एकदा देशाबाहेर जाऊ. कुणी म्हणते काठमांडूला, कुणी म्हणते कोलंबोला. वाद इतका वाढला की दोन बाया एकमेकींशी बोलेनात! तेव्हा दोन्ही गावांची बाजू समोर ठेवतो.

प्रथम हे लक्षात घ्या, की या दोन्ही वाटा आपल्याआधी बाबासाहेब चालून गेले आहेत. १९५० च्या मे महिन्यात श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषदेची स्थापना झाली, तेव्हा बाबासाहेब कँडी आणि कोलंबोला गेले होते. त्यांनी तेव्हा दीक्षा घेतलेली नव्हती. इथे धम्म किती जिवंत आहे ते पाहायला आलो, अशी त्यांची भूमिका होती. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा, १६ ला आपल्या शेजारी चांद्याला दीक्षा, आणि महिनाभरात, नोव्हेंबरात, त्याच परिषदेच्या चौथ्या अधिवेशनासाठी काठमांडू. प्रकृती पार ढासळलेली. तरी तिथे ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. म्हणजे कोलंबो हे त्यांच्या शोधाचे गाव आणि काठमांडू हे त्यांच्या शेवटच्या प्रवासांतले गाव. लहान-मोठे कोणते ठरवायचे?

आता कोलंबोकडे पाहू. हे समुद्रकाठचे मोठे बंदर. संसद १९८२ पासून शेजारच्या श्री जयवर्धनपुर कोट्टे इथे आहे, म्हणून कागदोपत्री राजधानी तीच. पण लोकांच्या तोंडी कोलंबोच. हवा बारमाही दमट, थंडी नाहीच. आपल्या विहारावर जो पंचरंगी ध्वज फडकतो ना, तो या कोलंबोत तयार झाला आणि १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला तिथे प्रथम चढवला गेला. अनागारिक धम्मपालांचा जन्म १८६४ साली याच गावचा. त्यांनी १८९१ मध्ये इथेच महाबोधी सभा काढली आणि बोधगयेच्या महाविहारासाठी झगडा मांडला. गावाला लागूनच केळणियाचा प्राचीन विहार आहे. आपल्या दीक्षाभूमीवर राहिलेले भदन्त आनंद कौसल्यायन यांनी चीवर घेतले ते श्रीलंकेतच.

तिथली वंदना आपल्याला परकी वाटणार नाही. तेच त्रिसरण, तेच पंचशील, तीच पाली. चाल तेवढी वेगळी. दर पौर्णिमेला देशभर सुटी असते. माणसे पांढरे कपडे घालून विहारात जातात, अष्टशील पाळतात. वैशाखात रस्तोरस्ती आकाशकंदील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. आत गेले की अनुराधपूर. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचे झाड तिथे आजही उभे आहे. एका बाईने धम्म समुद्रापार नेला, हे आमच्या मुलींनी डोळ्यांनी पाहावे असे कुणाला वाटणार नाही?

काठमांडू अगदी उलटे. डोंगरांच्या मधे वाटीसारखे खोरे, उंची समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर. डिसेंबर-जानेवारीत हाडे गोठतील अशी थंडी. स्वयंभूचा स्तूप टेकडीवर, पायऱ्या तीनशेच्या वर. पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागच्या बाजूने गाडी बरीच वर जाते. बौद्धनाथचा स्तूप एवढा मोठा की प्रदक्षिणेला आपला दम लागावा. २०१५ च्या भूकंपात त्याच्या शिखराला तडे गेले होते, पण लोकांनी वर्गणी करून २०१६ साली तो पुन्हा उभा केला. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांनी त्याच्याभोवती वस्ती केली. आपले सगळे गेले तरी देवाधर्माला नवीन घर बांधता येते, हे तिथे दिसते.

पण तिथली पूजा आपल्याला गोंधळात टाकील. फिरती मंत्रचक्रे, लोण्याचे दिवे, अनेक देवदेवता, स्तूपाला लागूनच देवीचे मंदिर. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तिथे विचारात पडेल. पडू द्या. मात्र हेही सांगा, की याच नेपाळात राणा राजवटीने १९४४ मध्ये थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर काढले होते आणि ते परत येऊन उभे राहिले. धम्म तिथेही सुखासुखी टिकला नाही.

आता एक कडू गोष्ट. ती सांगितली नाही तर आम्ही तुमची फसवणूक केली असे होईल. परदेशी बुद्धाच्या गावी गेलो म्हणजे जात मागे राहिली, असे समजू नका. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार बौद्धांत शाक्य आणि वज्राचार्य ही पुरोहित घराणी जन्माने ठरतात. श्रीलंकेत तर कँडीच्या सियाम निकायात वरच्या मानलेल्या जातीच्याच मुलांना दीक्षा देण्याची रीत पडली. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाकीच्यांना आपला वेगळा निकाय काढावा लागला. तिथेच १९८३ ते २००९ एवढी वर्षे यादवी चालली, आणि काही चीवरधारीही युद्धाच्या बाजूने बोलले. आम्ही हे तिथल्या लोकांना नावे ठेवायला सांगत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला नवा धम्म का दिला, जुना जसाच्या तसा उचलून का दिला नाही, याचे उत्तर या दोन्ही गावांत मिळते. यात्रेला जाऊन फक्त हात जोडून आलो आणि हा प्रश्न विचारला नाही, तर ती सहल झाली, धम्मयात्रा नव्हे.

आता व्यवहाराचे बोलू. कोलंबोला जायचे म्हणजे नागपूरहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून विमान. विमानात तास-सव्वा तासच, पण प्रत्येकाला पासपोर्ट आणि प्रवेशाची परवानगी लागते. काठमांडूला जायचे तर नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, पुढे सोनौलीची सीमा. पासपोर्टची गरज नाही, मतदार ओळखपत्र चालते. वाटेत कुशीनगर होते, सीमा ओलांडली की लुंबिनी. तिथला अशोकस्तंभ पाहून मग दिवसभराचा डोंगरातला बसप्रवास. तिथे आपल्या रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे असा ठरलेला भाव आहे. पण आपल्या कोणत्या नोटा चालतात ते निघताना विचारून घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनात मोठी जाळपोळ झाली, २०२२ मध्ये श्रीलंकेत पैशाअभावी पेट्रोल मिळत नव्हते. म्हणून कुठेही जा, आधी चौकशी करा. मागे एकदा एका यात्रावाल्याला आपण सगळे पैसे आगाऊ दिले आणि मंडळी दोन रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर झोपली, हे विसरू नका.

पासपोर्टचा विषय निघाला तेव्हा मंडळातल्या एक आजी म्हणाल्या, "माह्या जन्माची तारीख कोनाले मालूम हाय? मायनं सांगतलं होतं, लय पानी पडलं त्या साली झाली मनून." सगळे हसले. आम्हालाही हसू आले, पण मग हसू विरले. या आजीने दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून पैसे भरले. यात्रेची कल्पनाही पहिल्यांदा तिनेच मांडली. आधारवर एक नाव, मतदार यादीत दुसरे, शाळेचा दाखला तर नाहीच. अशा आमच्या मोजदादीत अकरा जणी निघाल्या. कोलंबो ठरवले तर घाईघाईत या अकरा मागे राहतील, आणि नोकरीवाल्यांची घरे विमानाने जाऊन येतील. पैसे सगळ्यांचे, यात्रा काहींची. असे आपल्या विहारात होऊ द्यायचे काय?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे. पहिली यात्रा काठमांडूची. कोलंबोहून ते मोठे म्हणून नव्हे, तर तिथे सगळ्यांना जाता येते म्हणून. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कुणी येणार नाही, फेब्रुवारी-मार्चात पोरांच्या परीक्षा. तेव्हा मार्चअखेर, परीक्षा आटोपल्यावर निघावे. तोवर तिकडची थंडीही ओसरते. पैशाचा हिशोब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर लागावा.

आणि कोलंबो सोडायचे नाही. त्या अकरा जणींची कागदपत्रे दुरुस्त करण्याचे काम आजपासून आपल्या शिकलेल्या पोरापोरींनी अंगावर घ्यावे. आधार, मतदार यादी, नावातली चूक, सगळे एकसारखे करून द्यावे. हे कागद निराधार योजनेला आणि दवाखान्यालाही कामी पडतील. दोन वर्षांनी संघमित्रेच्या झाडाखाली आपण बसू तेव्हा पहिल्या रांगेत त्या आजी असाव्यात, जन्मतारखेसकट!

ज्या दोन बाया बोलत नाहीत, त्यांना आमची विनंती, आज जेवायला एका पंगतीत बसा. बसमध्येही तुमची जागा आम्ही शेजारी-शेजारीच ठेवणार आहोत.