उतारवयातले वजन : वाढलेले आणि घटलेले

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



25 वर्षांपूर्वी आपण अमरावतीच्या या वसाहतीत राहायला आलो, तेव्हा आपल्यातले बरेच जण 45-50 वर्षांचे होते. आज तेच सत्तरीत आहेत. मुलं पुण्याला, बंगलोरला. घरात दोघं, काही घरांत तर एकच जण. मी अकोल्याला नोकरीत असताना गृहविज्ञान शिकवत होते, म्हणून सचिवांनी मला आहारावर बोलायला सांगितलं. मी फक्त वजनाबद्दल बोलणार आहे.

वजन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुटलेलं पोट येतं. ते खोटं नाही. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वाढतो. गुडघ्यांवर भार येतो तो वेगळाच. पण साठीनंतर दुसरी एक गोष्ट गुपचूप होत असते. पोट तेवढंच राहतं आणि दंड-मांड्यांचे स्नायू झडत जातात. काट्यावर आकडा तोच दिसतो, पण खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. मग एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो.

याहून वाईट म्हणजे प्रयत्न न करता घटलेलं वजन. जिन्यात भेट झाली की आपण म्हणतो, "काकू, बारीक झाल्या, छान दिसता!" काकूंच्या बांगड्या ढिल्या झालेल्या असतात, कवळी हलत असते. विचारलं तर म्हणतात, "एकटीसाठी कायले रांधाचं? चहा-बिस्किट खाल्लं, झालं." हे कौतुक करण्यासारखं नाही. 60 किलोच्या माणसाचं वजन सहा महिने-वर्षभरात आपोआप तीन किलोनं उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कारण दातांचं असेल, साखरेचं, थायरॉइडचं, क्षयाचं, औषधांचं, कधी कर्करोगाचं. आणि कधी नुसतं एकटेपणाचं. उलट दोन-तीन दिवसांतच वजन वाढलं आणि पायांवर सूज आली, तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी असू शकतं. तेव्हा तर थांबूच नका.

आता ताटाकडे येऊ. या वयात भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम धरा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आपण तर तुरीच्या मुलखातली माणसं! 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात. पण ताटातलं वरण पाण्यासारखं पातळ असेल तर वाटीभर पिऊनही फार काही मिळत नाही. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी असतं ते ज्वारीत. म्हणून भाकरी आणि घट्ट वरण, किंवा भाकरी आणि झुणका, ही जोडी शहाण्यांनी जमवलेली आहे. भाकरी चावत नसेल तर वरणात कुस्करून घ्या. सोबत दही, ताक, जवसाची चटणी, चालत असेल तर अंडं. मधल्या वेळी बिस्किटाऐवजी फुटाणे, आणि दात नसतील तर त्यांचं पीठ. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच असतो, त्यापेक्षा राजगिरा, दाणे, दही बरं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मनानंच उपवास धरू नये.

वजन जास्त असलेल्यांनीही उपाशी राहू नये. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. चहातली साखर मोजा. पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दिवसाला दहा चमचे! गिला वडा, कचोरी सणावारी खा, रोज संध्याकाळी नको.

व्यायामाचं मी अमरावतीकरांना काय सांगणार? वैद्य बंधूंचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आपल्या गावात आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पण व्यायाम हे तरुणांचं काम, असं आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते, शिवाय ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम. त्याला आखाडा लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठायचं-बसायचं. जमत नसेल तर आधी हात लावून. आपल्या उन्हाळ्यात मात्र फिरणं सकाळी सातच्या आत उरका. तहान लागो न लागो, पाणी पीत राहा. या वयात तहान कळेनाशी होते.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. ऑफिसात एक वजनकाटा आणि एक वही ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याची इच्छा असेल त्यानं वजन करावं. आकडा ज्याचा त्याच्यापाशी राहू द्या, चर्चा नको. पण सलग दोन-तीन महिने कोणाचा आकडा उतरताना दिसला, तर वही सांभाळणाऱ्यानं त्यांच्या घरी जाऊन विचारावं, "काकाजी, जेवता ना बरोबर?" आणि पंधरा दिवसांतून एकदा एकटे राहणाऱ्यांनी आपापला डबा घेऊन सभागृहात एकत्र बसावं. चारचौघांत बसलं की दोन घास जास्त जातात.

घरं आपण 25 वर्षं सांभाळली. आता घरातली माणसंही सांभाळू.