पेन्सिलीने लिहिलेला भाव



चित्रकारांपुढे अध्यक्षाने कलेच्या चिरंतन मूल्यांवर बोलावं अशी रीत आहे. मी भावावर बोलणार आहे.

बरीच वर्षं मी चित्राच्या मागे किंमत पेन्सिलीने लिहायचो. गिऱ्हाईक दारात आलं, की त्याच्या चपला बघून खोडरबर हातात. एकदा वाईच्या घाटाचं 15 बाय 22 इंचांचं जलरंगचित्र एका गृहस्थांना आवडलं. “किती?” “द्या हो काय ते.” त्यांनी दिलं काय ते. पुढच्या जानेवारीत तोच घाट एका पतसंस्थेच्या कॅलेंडरवर! माझी सही मात्र कापलेली. भांडायला गेलो, तर माझ्याकडे ना बिल, ना चित्राचा फोटो.

कायदा माझ्या बाजूने होता, मलाच ते ठाऊक नव्हतं. चित्र विकलं म्हणजे आपण तो कागद विकतो. चित्र छापायचा हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. फक्त कुणी पैसे मोजून, सांगून चित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळा करार नसताना हक्क करून घेणाऱ्याचा. तेव्हा ऑर्डर घेताना कागदावर दोन ओळी लिहून घ्या. मैत्री तुटत नाही, मी करून पाहिलंय.

विकणं म्हणजे कमीपणा, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. कधी गॅलरीची पायरी न चढलेल्या घरांतही दलालांची चित्रं पोचली. त्यांच्या कितीतरी आधी, 1894 मध्ये, राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना घातला. लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, छापखाना मात्र कर्जात बुडून विकावा लागला. चित्र पोचवणं हे एक काम आणि हिशेब ठेवणं हे दुसरं. दोन्ही एकाच माणसाला जमतील असं नाही. घरात कुणाला आकडे कळत असतील, तर वही त्यांच्याकडे द्या.

वही हवीच. चित्राचा क्रमांक, माप, माध्यम, तारीख, किंमत, घेणाऱ्याचं नाव आणि फोन. माझी निम्मी चित्रं आज त्याच वहीतली माणसं घेतात. नवीन काम झालं की दिवसाच्या उजेडात फोटो काढतो, आकार कळावा म्हणून शेजारी खुर्ची ठेवतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. खाली किंमत असते. इन्स्टाग्रामवर “किमतीसाठी मेसेज करा” लिहिणाऱ्या तरुणांनो, ती माझीच पेन्सिल आहे बरं का!

गॅलरी तीस ते पन्नास टक्के घेते म्हणून आपण कुरकुरतो. पण भिंत, दिवे, येणारा माणूस तिचा असतो. चूक आपली होते ती वेगळीच. गॅलरीत चाळीस हजारांचं चित्र घरी पंचवीसला देतो. मग गॅलरीचा विश्वास जातो, आणि चाळीस मोजलेल्या माणसाला काय वाटतं ते विचारू नका. भाव सगळीकडे एकच ठेवा. आणि जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. गावातल्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये माणूस अर्धा तास भिंतीकडेच बघत असतो.

चित्राचा भाव चित्रकारानंतरही वाढतो. चित्रकार गायतोंडे 2001 मध्ये गेले. 2013 च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. त्याच कॉपीराइट कायद्यात आणखी एक कलम आहे: मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. इथल्या कुणाच्या हातात तो कधी पडलाय? चित्र कुणाकडे आहे हेच माहीत नसेल, तर मागणार कुणाकडे?

शेजारच्या हॉलमध्ये तुमची चित्रं लागली आहेत. सकाळी चहाआधी मी फिरून आलो. एक्केचाळीस चित्रं आहेत, किंमत नऊंवर. त्यातल्या दोन पेन्सिलीने लिहिलेल्या. संयोजकांना मार्कर मागवायला सांगितलेत, जेवणानंतर दाराशी ठेवलेले असतील.