डब्यातले नवे
(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरकाम करणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. हाताने केले तेवढेच सांगते.

आमचे भातशेत आठ वर्षांमागे विकले. तिथे आता बंगले आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. मुलीचे लग्न त्यातूनच झाले. पण त्या वर्षी दसरा आला आणि दाराला नवे बांधायला भाताची एक लोंबी घरात नव्हती. मी बाजारातून प्लॅस्टिकचे तोरण आणले. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसते. त्यांनी ते चाचपले, "बरं आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात मी तेलाचे रिकामे डबे मांडले. भाताबरोबर शोभेला राळे, वरी, नाचणीही घेतली. राळ्याचे कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुपकेदार, नाचणीचे मिटत्या मुठीसारखे. फुलदाणीत फार शोभतात. (परदेशात बाजरीची एक जांभळ्या पानांची जात लोक बागेत शोभेला लावतात. तिला २००३ साली अमेरिकेत सुवर्णपदक मिळाले, असे भाच्याने सांगितले. आपण मात्र बाजरीची भाकरीच ओळखतो!)

पहिल्याच वर्षी फजिती झाली. दुकानातली उपासाची वरी पेरली, ती रुजेचना. रुजणार कशी? तिचे टरफल काढलेले असते. राळ्याचे आणि तांदळाचेही तेच. नाचणी मात्र वाण्याकडची चालते. सत्त्वासाठी आपण तिला मोड आणतोच की. राळे सालीसकट हवे, पाळलेल्या पक्ष्यांना घालतात तसले. भाताचे बी शेतकऱ्याकडून मूठभर मागा. हळवी जात घ्या. आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या जातीही आहेत.

भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकावे. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. तरंगेल ते पोचट, काढून टाका. तळचे दोनतीनदा धुवा, दिवसभर भिजवा, मग ओल्या फडक्यात बांधून मोड आणा. भाताच्या डब्याला भोके खाली न पाडता वरच्या अंगाला पाडा, म्हणजे पाणी साचून राहते. राळे-नाचणीच्या डब्याला तळाशी पाडा. त्यांचे बी बारीक. वर चिमूटभर मातीच घाला. डबे उन्हातच ठेवा. पडवीतली रोपे नुसती उंच वाढून लोळली.

बी ओळीत पेरा, फेकू नका. माझी नाचणी आमच्या जाऊबाईंनी गवत म्हणून उपटली. चूक त्यांची नव्हती. रानातली नाचणी कोवळेपणी हुबेहूब तशीच दिसते. ओळ असली की ओळीबाहेरचे ते तण, एवढे कोणालाही कळते.

दसरा मागेपुढे होतो, म्हणून पंचांग पाहून शंभर दिवस मागे मोजा. कणसे धरली की वर जुनी मच्छरदाणी टाका, नाहीतर चिमण्या आधी दसरा करतात. फुलदाणीसाठी कणसे पुरी पिकण्याआधी कापून सावलीत उलटी टांगा. पिकल्यावर दाणे गळतात.

दुसऱ्या वर्षी चौदा लोंब्या आल्या. आंब्याची पाने आणि कुरडूची फुले घालून नवे बांधले. सासूबाईंनी एक लोंबी बोटांनी मोजली, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "अजून दूध आहे गं यात. चार दिवस थांबायचं होतंस."

माझ्याकडे भाताचे व राळ्याचे बी ठेवलेले आहे. वटपौर्णिमेच्या आत वाटी घेऊन या.