कळस चढला, आता मुलांची वही

(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात गावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



समितीने मला दहा मिनिटे दिली आहेत. शाळामास्तराची दहा मिनिटे म्हणजे पाऊण तास, हे समितीला ठाऊक असावे. म्हणूनच मला महाप्रसादाच्या अगदी आधी उभे केले आहे.

आज सकाळी कळस चढला तेव्हा पुष्कळांचे डोळे भरून आले. तसे होणारच. या देवळाला गावाने घरटी वर्गणी दिली. ज्याच्याकडे रोख नव्हती त्याने पायरीचा दगड दिला, कोणी वाळूची ट्रॉली दिली, कोणी आपली बैलजोडी चार दिवस लावली. माउलींनी डोक्यावरून पाणी वाहिले. माथाडीत ओझी उचलणाऱ्या मुंबईकर मंडळींनी दर महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून पाठविले. हिशेबाची वही दर अमावास्येला पारावर वाचली गेली, आणि मी स्वतः ऐकले आहे, पन्नास रुपयांच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत चर्चा झाली. मला त्या चर्चेचा अभिमान वाटतो. पैसा कसा गोळा करावा आणि तो कसा सांभाळावा हे या गावाला आता येते. हे कसब आपण आज मंडपाबरोबर सोडून ठेवणार की आणखी एका कामाला लावणार, एवढेच मला विचारायचे आहे.

एक खुलासा आधी करतो, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहणार नाही. देवळासाठी आलेल्या पैशातला एक रुपयाही मी मागत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० पासून आहे. ज्या उद्देशासाठी पैसा दिला त्याच उद्देशाला तो लागला पाहिजे. आणि कायदा नसता तरी देवाच्या नावाने दिलेला पैसा देवाचाच. मी मागतो आहे ती नवी वही, नवे खाते आणि वेगळा हिशेब. आपल्या गावातल्या ज्या मुलामुलींचे शिक्षण पैशावाचून अडते त्यांच्यासाठी.

यावर लगेच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे : “गुरुजी, आता तर सगळे सरकार देते, मग अडते कुठे?” खरे आहे, सरकार पुष्कळ देते. माझ्या पिढीला इ. बी. सी. च्या सवलतीने शिकविले, त्याचे उपकार मी विसरणार नाही. आज मुलींना शाळेसाठी एस. टी. चा पास मोफत आहे. २०२४-२५ या वर्षापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ झाली आहे. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. पण चाळीस वर्षे मुलांचे दाखले लिहून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की मूल बहुधा फीपाशी अडत नाही, ते फीच्या आजूबाजूला अडते. खोलीची अनामत, खाणावळीचे आगाऊ पैसे, गॅप सर्टिफिकेटचे प्रतिज्ञापत्र, तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार खेपा आणि त्या चार दिवसांची बुडालेली मजुरी. आणि शिष्यवृत्ती खात्यावर जमा होते ती कधी? प्रवेश पावसाळ्यात होतो आणि पैसा कधी कधी वर्ष संपता संपता येतो. मधले महिने मुलाने काय खायचे, याचे उत्तर कोणत्याही अर्जात नाही.

नाव न घेता दोन गोष्टी सांगतो. आपल्याच गावची एक मुलगी. वडील दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात. मुलीला बारावीला उत्तम गुण, नर्सिंगला नंबर लागला. फीचा प्रश्न सुटला होता. कॉलेज जिल्ह्याच्या गावाला, राहण्याची सोय करायला आठ दिवसांची मुदत, आणि वसतिगृहाची अनामत धरून लागत होते तेरा हजार रुपये. बापाने तीन घरी विचारले. तिसऱ्या घरी त्याला सांगण्यात आले, “पोरीच्या लग्नाला लागतील तेव्हा ये, तेव्हा नाही म्हणणार नाही.” असे सांगणारा माणूस वाईट नव्हता, मंडळी. लग्नाला त्याने खरोखरच पैसे दिले. नववा दिवस उजाडला आणि जागा दुसऱ्याला गेली.

दुसरा एक मुलगा, याच आळीतला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला. बाकी राहिलेली रक्कम भरल्याशिवाय मूळ कागद मिळणार नाहीत असे कॉलेजातून सांगण्यात आले. कागद नाहीत म्हणून दुसरीकडे प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. त्याची बाकी आपल्या बाजारच्या गावातील एका शिंप्याने भरली. नात्याचा नाही, जातीचा नाही. मुलगा सुट्टीत त्याच्याकडे काजे-बटणे करीत असे, एवढीच ओळख. तो मुलगा आज पुण्याला कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि या देवळाच्या दक्षिण बाजूच्या फरशीत त्याची वर्गणी आहे.

दोघांत हुशारीचा फरक नव्हता. एकाला वेळेवर शिंपी भेटला. आपली मुले असा शिंपी भेटण्यावर सोडून द्यावीत, हे मला पटत नाही.

हे काम नवे आहे असेही नाही. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट लागतो. १८७५ साली कोकणातल्या मुरुड गावचा एक पोरगा परीक्षेला बसण्यासाठी हा घाट चढून पायी साताऱ्याला गेला, शंभर मैलांवर चाल झाली. तिथे त्याला सांगितले, तू वयाने लहान दिसतोस, बसता येणार नाही. तो परत फिरला. ते पुढचे महर्षी धोंडो केशव कर्वे. हिंगण्याचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी मुंबईत शिकवीत असताना त्यांनी गावासाठी ‘मुरुड फंड’ काढला, हे फारसे सांगितले जात नाही. गावाबाहेर कमावणाऱ्यांनी आपल्या मिळकतीतला ठरावीक वाटा गावच्या कामासाठी काढायचा, आणि त्यातून शाळेला हातभार लागायचा. मुंबईकर बंधूंनो, तुम्ही देवळासाठी जे केलेत ते हेच. फक्त ते थांबवू नका.

आणि आपल्या जिल्ह्याचे तर काय सांगावे! कराडजवळच्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. संस्थेपाशी भांडवल कोणते होते? मुष्टिफंड. बायांनी दळायला बसताना मूठभर धान्य वेगळ्या गाडग्यात टाकायचे आणि ते मुलांच्या बोर्डिंगला जायचे. पैसेवाल्यांनीही दिले, नाही असे नाही. पण मुठीचे बळ निराळे : ज्या बाईने मूठ टाकली तिला ते बोर्डिंग आपले वाटू लागले, आणि पुढे तिचाच नातू तिथे शिकायला गेला. साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. लक्ष्मीबाई वहिनींनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. १९२७ साली महात्मा गांधी त्या बोर्डिंगला भेट देऊन गेले, हे पुस्तकांत ठळक छापलेले असते. मला मात्र त्या स्वयंपाकघरातला धूर जास्त आठवावासा वाटतो.

त्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. आज या घरी, उद्या त्या घरी. त्यात मोठी माणसे घडली हे खरे, पण रोज दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहण्याचे दुःख त्यांनाच ठाऊक, आणि तो उंबराही सगळ्यांना मोकळा नव्हता. कर्मवीरांनी मुलाला उंबऱ्यावरून उठविले आणि त्याच्या हातात कुदळ दिली : कमव आणि शीक. मुलाची मान ताठ राहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला मदतीच्या रकमेपेक्षाही मोठा वाटतो.

संत गाडगेबाबांचे नाव घेतल्याशिवाय देवळाच्या मांडवात हा विषय पुरा होणार नाही. बाबांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, पण त्यांच्या कीर्तनात देवाइतकेच पोरांच्या शाळेचे बोलणे असे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. पंढरपुरात, विठोबाच्या सावलीत बांधलेली वास्तू शिक्षणाच्या कामी दिली, आणि विठोबा रागावल्याचे कोणी ऐकले नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. समजा, आपली दोनशे घरे धरली आणि घरटी महिना पन्नास रुपये काढले, तर महिन्याचे दहा हजार आणि वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. ज्याला पन्नास जड जातील त्याने वीस द्यावेत, सुगीला पायलीभर ज्वारी दिली तरी चालेल. ज्याला पाचशे देता येतात त्याने दुसऱ्याच्या विसाकडे पाहू नये. या रकमेतून कोणाला डॉक्टर करता येणार नाही. पण तेरा हजारांपाशी अडलेली सात-आठ मुले दर वर्षी पुढे सरकतील. माझा आग्रह मोठ्या रकमेचा नाही, वेळेवर मिळणाऱ्या रकमेचा आहे. जूनपासून ऑगस्टपर्यंत खात्यात पैसा हजर हवा आणि निर्णय तीन दिवसांत व्हायला हवा. मुदत संपल्यावर भरलेली समितीची बैठक कितीही चांगली झाली तरी काय उपयोग?

समिती पाच जणांची असावी, तीत दोन तरी बाया असाव्यात. कोणत्या घरात मुलीचे पुस्तक बंद होणार याची बातमी बायांना पाणवठ्यावर आधी लागते, आपल्याला पत्रिका आल्यावर. मदत देताना आळी पाहू नये, वाडी पाहू नये, मागच्या निवडणुकीत कोण कोणाकडे होते हे तर मुळीच पाहू नये. फंडाची रीतसर नोंदणी करून घ्यावी, पैसे बँकेत असावेत, आणि रक्कम शक्यतो थेट वसतिगृहाच्या किंवा कॉलेजच्या खात्यात जावी.

आणखी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. दात्यांची नावे आपण पायऱ्यांवर कोरली, भिंतीवर लावली. त्यात गैर काही नाही, देणाऱ्यालाही आनंद होतो. फंडाला देणाऱ्यांचीही नावे लावा. पण घेणाऱ्या मुलाचे नाव कुठेही येता कामा नये. चार वह्या द्यायच्या आणि मुलाला मंचावर बोलावून हातात वही धरलेला फोटो काढायचा, तो मोबाइलवर गावभर फिरवायचा, ही पद्धत मला मान्य नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ते फार लागते. त्या फोटोपायी मदत नाकारणारी मुले मी पाहिली आहेत. ग्रामसभेत हिशेब वाचताना इतकेच वाचावे : अमुक मुले, अमुक मुली, अमुक रक्कम. नावे समितीच्या वहीत राहू द्यात.

काही वडील मंडळी म्हणतील, शिकलेले पोर गाव सोडून जाते, मग गावाने त्याला का पोसावे? जाते खरे. पण आज या मंडपात बसलेले निम्मे देणगीदार गाव सोडून गेलेलेच आहेत! हे पैसे कर्जाऊ द्यावेत, असेही सुचविले गेले आहे. मी त्याच्या विरुद्ध आहे. ज्या घरावर आधीच सोसायटीचे कर्ज आहे त्या घरातल्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक आकडा नको. पैसे देऊन मोकळे व्हावे. पहिला पगार झाल्यावर त्याला वाटले तर वही उघडीच आहे.

शाळेचे आजी मुख्याध्यापक आणि महिला मंडळाच्या भगिनींशी माझे बोलणे झाले आहे. त्यांनी काम अंगावर घेण्याची तयारी दाखविली आहे. बारावीचा निकाल लागायला फार दिवस नाहीत. यंदा निदान तीन घरे मला माहीत आहेत जिथे निकालाची वाट भीतभीत पाहिली जाते आहे. नापास होण्याची भीती नाही, चांगले गुण पडण्याची आहे.

मंडपाच्या उजव्या हाताला, तुळशीवृंदावनाजवळ टेबल ठेवले आहे. त्यावर कोरी वही आहे. आज पैसे देण्याची जरुरी नाही, नुसते नाव आणि दरमहाचा आकडा लिहावा. वसुलीला पुढच्या महिन्यापासून आपली तरुण मंडळी घरोघर येतील. मुंबईकरांनी गाडी पकडण्याआधी तेवढे करावे. पानावर पहिले नाव आमच्या घरातून पडले आहे, ते माझे नाही, सौभाग्यवतींचे आहे. पंगत मांडली गेल्याचा निरोप आला आहे, तेव्हा मी इथेच थांबतो.